घाटातला दम

हैदराबादचे सायकलवाले उजाडायच्या आत बाहेर पडतात. आउटर रिंग रोडलगत २०२३ मध्ये सौरपॅनेलच्या छताखालचा २३ किलोमीटरचा ट्रॅक झाला. चढाची खुमखुमी असेल तर विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्या आहेतच. अशा सरावावर एखादा मित्रांचा चमू मनाली-लेहचा बेत आखतो.

चढाचा हिशेब सरळ आहे. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो वजन हजार मीटर वर न्यायला शरीर साडेआठशे ते नऊशे किलोकॅलरी जाळतं, कारण स्नायू ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोचवतात. ही तूट पराठे भरून काढतात. प्राणवायूची तूट मात्र खाऊन भरत नाही. मनाली-लेह वाटेवरची तांगलांग ला खिंड ५३०० मीटरच्या वर आहे. तिथेही हवेत प्राणवायू २१ टक्केच, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच. श्वास आपोआप वाढतो, कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि ते सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात.

म्हणूनच ३००० मीटरनंतर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा फार वाढवू नये. त्याच वाटेवर केलांगहून थेट सरचूला मुक्काम म्हणजे एकदम हजार मीटरहून जास्त उडी! दणकट मांड्या इथे उपयोगाच्या नाहीत. उलट तंदुरुस्त गडीच भराभर चढतो आणि डोकेदुखी मित्रांपासून लपवतो. डोकं दुखून मळमळू लागलं तर वर चढणं थांबवायचं; तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरायचं.