मोटारीची निगा आणि आमच्या मनगटावरील डाग

फळ्यावर लिहीत असतां आमच्या उजव्या मनगटावरील पांढुरका डाग शेवटच्या बांकावरील विद्यार्थ्यांच्याहि नजरेस येतो, आणि दरवर्षीं नव्या वर्गांतील कोणी तरी धिटाई करून विचारतोच, "सर, हा डाग कसला?" तासाच्या शेवटच्या पांच मिनिटांत सांगण्याजोगें तें उत्तर नसल्यामुळें आजवर आम्ही तें टाळीत आलों. यंदा वार्षिकाच्या संपादकांनीं एखाद्या उपयुक्त विषयावर लेख मागितला, तेव्हां तें उत्तर येथेंच द्यावें असें आम्हांस वाटलें. तें उत्तर म्हणजे मोटारगाडीच्या निगेचा एक धडाच आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं बहुतेकांस मोटार चालविण्याचा परवाना मिळण्यास अजून अवकाश आहे. अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं ती चालविणें कायद्यास मान्य नाहीं. परंतु गाडीची निगा राखण्यास कायद्यानें वयाची कांहीं अट घातलेली नाहीं. तुमच्या घरच्या गाडींत तुमचे आईवडील, आजीआजोबा व तुम्ही स्वतः बसतां, एवढें कारण या विषयांत लक्ष घालण्यास पुरेसें आहे.

मोटारीचा पहिला लांबचा प्रवास हा तिच्या पहिल्या दुरुस्त्यांचाहि इतिहास आहे. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनीमध्यें बर्था बेंझ ही बाई आपल्या पतीनें, कार्ल बेंझ यानें, बनविलेली तीन चाकी गाडी घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइम येथें आपल्या आईकडे निघाली. अंतर सुमारें शंभर किलोमीटर. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. इंधन संपलें, तें औषधाच्या दुकानांतून विकत घेतलें. ब्रेकचे लांकडी ठोकळे झिजले, तेव्हां चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. यंत्र तापूं नये म्हणून वाटेंत वारंवार पाणी भरावें लागलें. त्या बाईनें यंत्रशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. गाडी काय मागते आहे इकडे तिचें लक्ष होतें, इतकेंच. आमचें लक्ष नव्हतें, आणि म्हणून आमच्या हातावर हा डाग आहे.

गोष्ट कांहीं वर्षांपूर्वींची आहे. एप्रिलमधील एका शनिवारीं सकाळची शाळा आटोपून आम्ही सहकुटुंब कल्याणच्या बाजूनें माळशेज घाट चढत होतों. त्याच सकाळीं नववीच्या वर्गांत आम्हीं द्रवाचा उत्कलनबिंदु दाबाबरोबर वाढतो हें मोठ्या आवेशानें शिकविलें होतें. अर्धा घाट चढल्यावर उष्णता दाखविणारा कांटा तांबड्या रेषेवर गेला व बॉनेटखालून वाफ येऊं लागली. गाडी कडेस उभी करून आम्हीं बॉनेट उघडलें, आणि "पाणी संपलें असेल, घालूं या," असें म्हणून रेडिएटरचें झांकण फडक्यानें धरून फिरविलें. पुढच्या क्षणीं उकळतें पाणी व वाफ कारंज्याप्रमाणें वर उसळली आणि मनगटापासून कोपरापर्यंत आमचा हात भाजला. आमची सहा वर्षांची कन्या तोंवर आमच्या शेजारींच वांकून पाहत होती. बाटली घेऊन जा, म्हणून तिच्या आईनें तिला नुकतीच हांक मारली होती. ती हांक क्षणभर उशिरां आली असती तर काय झालें असतें, याचा विचार आजहि आमच्यानें करवत नाहीं.

हें कां घडलें? तुमच्या स्वयंपाकघरांतील कुकरच त्याचें उत्तर देईल. उघड्या भांड्यांत पाणी १०० अंशांवर उकळतें. वातावरणाच्या दुप्पट दाबाखालीं तें सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. रेडिएटर हाहि असा एक बंद कुकरच होय. झांकण फिरवितांच दाब एकदम उतरतो आणि शंभराच्या वर तापलेल्या पाण्याची तत्क्षणीं वाफ होते. शिट्टी न काढतां आई कुकर उघडीत नाहीं, मग विज्ञानाच्या शिक्षकानें तापलेला रेडिएटर उघडावा काय?

अशा वेळीं योग्य उपाय असा: प्रथम थंड हवेचें यंत्र बंद करावें. लगेच थांबण्याजोगी जागा नसेल तर हीटर पूर्ण लावावा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आंत निघून येते. सुरक्षित जागीं गाडी उभी करून इंजिन बंद करावें आणि तें हातास थंड लागेपर्यंत, मग त्यास तासभर लागो, झांकणास हात लावूं नये. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतूं नये, कारण धातु एकदम आकसून तडकण्याचा संभव असतो. पुढें मिस्त्रीनें आमची गाडी पाहिली तेव्हां एक रबरी नळी भेगाळून तींतून थेंब थेंब कूलंट गळत असल्याचें आढळलें. महिन्यांतून एकदां जरी आम्हीं तिकडे पाहिलें असतें, तरी ती भेग घरींच दिसली असती.

तेव्हांपासून आम्ही आठवड्यांतून दहा मिनिटें गाडीस देतों. त्या दहा मिनिटांत काय पाहावें, तें आतां क्रमानें सांगतों.

पहिलें इंजिन ऑईल. इंजिनांतील धातूचे भाग परस्परांवर न घासतां तेलाच्या पातळ थरावर सरकतात. तो थर नाहींसा झाला कीं थोड्याच वेळांत इंजिन निकामी होतें. गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनीं मोजपट्टी बाहेर काढावी, पुसावी, पुन्हां पूर्ण आंत घालून काढावी. तेल तिच्यावरील दोन खुणांच्या दरम्यान असावें. जास्त तेलहि कमी तेलाइतकेंच वाईट. तेल काळें होणें स्वाभाविक आहे. परंतु तें दुधाळ दिसल्यास त्यांत पाणी मिसळलें असें समजून गाडी चालवूं नये. तेल किती किलोमीटरांनीं बदलावें तें गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. गाडी फारशी न चालली तरी वर्षांतून एकदां तें बदलणें हिताचें.

दुसरें कूलंट. इंजिन थंड असतां पारदर्शक टांकीवरील खुणांवरून तें बाहेरूनच दिसतें. तें वारंवार कमी होत असेल तर नुसतें भरीत बसूं नये, गळती शोधावी.

तिसरे टायर. सबंध गाडीचा भार रस्त्यावर तळहाताएवढ्या चार तुकड्यांवर असतो. हवा किती भरावी हें चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठींत लिहिलेलें असतें, आणि तें माप थंड टायरचें असतें, म्हणून हवा सकाळीं तपासावी. उन्हाळ्यांत टायर फुटूं नये म्हणून हवा कमी भरावी अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती घातक आहे. हवा कमी असली म्हणजे टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याबरोबर अधिक दबतात व उसळतात, त्या वांकण्यानेंच टायर अधिक तापतो आणि वेगांत फुटतो. मुंबई व नागपूर यांस जोडणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग २०२५ सालीं पूर्णपणें खुला झाला. अशा सलग, वेगाच्या मार्गावर ही चूक फार महाग पडते. टायरच्या खांचा १.६ मिलिमीटरपेक्षां कमी उरल्या म्हणजे तो बदललाच पाहिजे, कारण पावसाचें पाणी त्या खांचांतूनच बाहेर टाकलें जातें. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनलेला. रबर नुसत्या वयानेंहि कडक होतें, म्हणून जुना टायर खांचा शाबूत असल्या तरी मिस्त्रीस दाखवावा.

चौथे ब्रेक. येथें पास्कलचा नियम कामास येतो: पायानें दिलेला दाब ब्रेक ऑईलमधून चारहि चाकांपर्यंत पोंचतो, कारण द्रव दबत नाहीं. परंतु हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. लांब उतारावर ब्रेक तापले कीं त्या ओलाव्याची वाफ होते. वाफ दबते, त्यामुळें पाय खालपर्यंत जातो आणि गाडी थांबत नाहीं. म्हणून हें तेल साधारणतः दर दोन वर्षांनीं बदलावें. घाट ज्या गिअरमध्यें चढावा त्याच गिअरमध्यें उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजहि सोन्यासारखा आहे, कारण मग इंजिनच गाडीस आवरतें. पेट्रोल वांचविण्यासाठीं उतारावर न्यूट्रल करणारे दुहेरी चूक करितात. आधुनिक इंजिनांत गाडी गिअरमध्यें ठेवून पाय उचलला कीं इंधन बंदच होतें, न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन चालू ठेवण्यास तें जळत राहतें.

पांचवी बॅटरी. टोकांवर साचलेली पांढरी हिरवी भुकटी सोडा घातलेल्या कोमट पाण्यानें धुवावी. सोडतांना ऋण टोक आधीं, जोडतांना शेवटीं, म्हणजे पाना गाडीच्या पत्र्यास लागला तरी ठिणगी उडणार नाहीं. बॅटरीजवळ काडी ओढूं नये, कारण तिच्यांतून हायड्रोजन निघतो.

याशिवाय दिवे, वायपरचें रबर व स्टेपनीची हवा पाहावी. स्टेपनी हा शब्द वेल्समधील लॅनेली गांवच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तेथें हीं जादा चाकें बनूं लागलीं. चाक बदलतांना गाडी सपाट, घट्ट जागीं उभी करून हातब्रेक ओढावा, विरुद्ध बाजूच्या चाकास दगड लावावा आणि जॅकनें उचलण्यापूर्वींच नट किंचित् ढिले करावे. नवें चाक बसविल्यावर नट समोरासमोरचे असे क्रमानें आवळावे व गाडी खालीं आल्यावर पुन्हां पक्के करावे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखालीं कधींहि शिरूं नये.

मापकाजवळ तांबडा दिवा लागला तर गाडी तत्काळ, पण सुरक्षित जागीं, थांबवावी. पिंवळा लागला तर सावकाश गॅरेज गांठावें. विजेवर चालणाऱ्या गाडीस इंजिन ऑईल नसतें, परंतु टायर, ब्रेक व वायपर तिलाहि असतातच. तिच्यांतील नारिंगी रंगाच्या तारांना मात्र हात लावूं नये, त्यांत प्राणघातक दाबाची वीज असते. आपणांस काय करतां येतें याइतकेंच काय करूं नये हें जाणणें, हाहि निगेचाच भाग होय.

मित्रहो, ज्ञान वहींत असणें आणि वेळेवर हातास आठवणें यांत किती अंतर आहे, हें आमचा डाग आम्हांस रोज सांगतो. आमच्या घरीं आतां शनिवारीं सायंकाळीं बॉनेट उघडण्याचा मान आमची कन्याच घेते आणि प्रथम विचारते, "बाबा, इंजिन थंड झालें ना?" तुम्हीहि या शनिवारीं आपल्या वडिलांस किंवा आईस हाच प्रश्न विचारून पाहा, आणि त्यांच्याबरोबर दहा मिनिटें गाडीजवळ उभे राहा.