श्रवण व तोल यांचे विकार आणि कानाचे चित्रण

वर्गातील एखादा विद्यार्थी हाक मारूनही वळून पाहत नाही, श्रुतलेखनात सारख्या उच्चाराचे शब्द चुकवितो, अथवा चालताना वारंवार एका बाजूस झुकतो. असा विद्यार्थी मंद किंवा हट्टी समजला जातो. वस्तुतः पुष्कळदा दोष बुद्धीत नसून कानात असतो.

कानाची कार्ये दोन : ऐकणे व शरीराचा तोल सांभाळणे. पडद्यामागील तीन चिमुकली हाडे ध्वनीची कंपने आत नेतात. त्यापलीकडे, कवटीच्या अत्यंत कठीण हाडात अंतःकर्ण असतो. त्यातील गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची नळी ऐकण्याचे काम करते. लगतच्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोके कोणत्या दिशेस वळले याची जाणीव देतात. डॉक्टरांना पडदा दिसतो. अंतःकर्ण मात्र हाडात दडलेला असतो.

राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले. परंतु साध्या क्ष-किरण चित्रात हाडांच्या छाया एकमेकींवर पडतात. हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्राने १९७१ साली प्रथमच रुग्णाच्या डोक्याचे चित्रण झाले. काकडीची प्रत्येक चकती वेगळी पाहावी, तसे या यंत्रात हाडाचे थर वेगवेगळे दिसतात. एम. आर. आय. यंत्र चुंबकशक्ती व रेडिओ-लहरी वापरते. त्यात श्रवणतंतू, अंतःकर्णातील द्रव व गाठी दिसतात. म्हणजे हाडासाठी पहिले, तर मऊ भागांसाठी दुसरे यंत्र विशेष उपयुक्त होय.

तथापि चित्रावरून रोगाची जागा कळते; मुलास किती ऐकू येते, हे कळत नाही. ते श्रवणमापनानेच ठरते. लहान बालकांसाठी ‘बेरा’ चाचणी असते. जन्मतः बहिऱ्या असलेल्या अनेक मुलांचे चित्र निर्दोष असते. भोवळीचा एक सामान्य प्रकार अंतःकर्णातील सूक्ष्म खडे जागचे हलल्याने होतो. तोही चित्रात दिसत नाही. शिवाय सी. टी. मध्ये क्ष-किरण वापरले जात असल्यामुळे प्रत्येक कानदुखीस ते योग्य नव्हे.

दोन प्रसंगी मात्र विलंब घातक ठरतो. पहिला, कानातून दीर्घकाळ दुर्गंधीयुक्त पू येणे. पडद्यामागे त्वचेची गाठ वाढून ती हाड कुरतडीत असण्याचा संभव असतो. त्यासोबत भोवळ, तीव्र डोकेदुखी किंवा चेहरा वाकडा होणे ही लक्षणे दिसल्यास मुलास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. दुसरा, मेंदूच्या आवरणाचा दाह झाल्यानंतर आलेला बहिरेपणा. यात शंखाकृती नळीत काही आठवड्यांतच हाड भरू लागते, आणि मग श्रवणयंत्राची शस्त्रक्रिया कठीण होते. येथे वेळीच घेतलेले चित्र मुलाचे ऐकणे वाचवू शकते.

शिक्षकांनी पाठीमागून हळू आवाजात नाव घेऊन मूल प्रतिसाद देते काय, हे पाहावे. पालकांना कानात गरम तेल न घालण्याविषयी समजवावे. संशयित मुलांची नावे २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास द्यावीत. पथकाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रातही दाखवावे. तेथून पुढे यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा मार्ग आहे. कोणते चित्रण हवे, हे तज्ज्ञ ठरवितील. परंतु त्या मुलाकडे प्रथम लक्ष जाणे, हे वर्गातच घडावयास हवे.