वेड पांघरून पेडगावला

आरोपी म्हणतो, "मला काहीच आठवत नाही." खरं की सोंग? डोक्यात डोकावून पाहणारं यंत्र तर कुणाकडेच नाही. मग न्यायालयासाठी तपासणी करणारे मानसशास्त्रज्ञ काय करतात? कधीकधी ते नुसती चित्रं दाखवतात!

टॉम टॉम्बॉ या मानसशास्त्रज्ञांची 1996 साली प्रसिद्ध झालेली चाचणी पाहा. साध्या वस्तूंची 50 रेखाचित्रं एकेक करून समोर येतात. मग जोड्या. दोनपैकी मघाशी पाहिलेलं चित्र कोणतं?

ही चाचणी वाटते अवघड, पण असते विलक्षण सोपी. मेंदूला खरोखर इजा झालेली माणसंही बहुतेक चित्रं ओळखतात. सोंग घेणाऱ्याला हे कुठे ठाऊक असतं? तो भरमसाट चुकत सुटतो.

आणि खरी कमाल पुढेच आहे. समजा, एखाद्याला एकही चित्र आठवत नाही. डोळे मिटून बोट ठेवलं तरी त्याची किती उत्तरं बरोबर येतील? नाणं उडवल्यासारखंच हे, 25 च्या आसपास. मग कुणाची 10 च बरोबर आली तर? निव्वळ नशिबाने इतकी कमी येणं लाखात जेमतेम एकदा घडावं. एवढं चुकायचं तर बरोबर उत्तर माहीत असावं लागतं! विसरल्याचं नाटक करणाऱ्याविरुद्ध त्याची शाबूत स्मृतीच साक्ष देते.

अर्थात, एवढ्यावरून कुणी निष्कर्ष काढत नाही आणि काढूही नये. खराखुरा आजारी माणूससुद्धा भीतीपोटी दुखणं वाढवून सांगतो. म्हणून दवाखान्याचे जुने कागद, घरच्यांचं म्हणणं, तुरुंगातलं वागणं, सगळं ताडून पाहावं लागतं.

त्यातही सर्वांत अवघड प्रश्न आजच्या मनाचा नसतोच; तो असतो गुन्ह्याच्या क्षणीच्या मनाचा. 1843 साली डॅनियल मॅकनॉटनने लंडनमध्ये पंतप्रधान पील यांच्या सचिवाला गोळी घातली. त्या खटल्यानंतर इंग्लंडच्या न्यायाधीशांनी मांडलेल्या कसोटीशी आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 चं जवळचं नातं आहे. आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदेशीर आहे, हे कळण्याची ताकद मनोविकाराने 'त्या क्षणी' हिरावली होती का? विचार करा, समोर बसलेल्या माणसाचं कित्येक महिन्यांपूर्वीच्या काही मिनिटांतलं मन पुन्हा उभं करायचं! तो आधी काय बोलत होता, हत्यार लपवलं का, पळाला की तिथेच बसून राहिला, अशा एकेका खुणेवरून.