राखण खुराड्याची
(द्वितीय वर्ष, कला)

अर्थशास्त्राच्या तासाला 'जोडधंदा' हा शब्द आला, की मला आईच्या दहा-बारा गावरान कोंबड्या आठवतात. अंड्यांच्या पैशावर आमचे तेलमीठ आणि माझा एस.टी.चा पास चालतो. तेव्हा मुंगसाने एखादी तलंग नेली, तर आमच्या घरी तो नुसता कोंबडीचा प्रश्न राहत नाही.

खुराड्याचे शत्रू वेळा वाटून घेतल्यासारखे येतात. मुंगूस दिवसाढवळ्या येते, म्हणजे माणसे शेतावर असताना. घार आणि शिक्रा हेही उन्हातच पिल्लांवर टपतात. तिन्हीसांजेला रानमांजर, रात्री कोल्हा आणि उदमांजर. भटकी कुत्री मात्र कुठलेच वेळापत्रक पाळीत नाहीत (या बाबतीत ती आम्हां विद्यार्थ्यांसारखीच!). अंधारात कोंबडीला फारच कमी दिसते. ती बसल्या जागी सापडते. म्हणून रात्रीसाठी खुराडे आणि दिवसासाठी कुंपण, असा दुहेरी विचार करावा लागतो.

बाजारात षट्कोनी छिद्रांची पातळ 'कोंबडीजाळी' मिळते. तिच्या नावावर जाऊ नये. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवीत नाही. तिची तार नुसती पिळलेली असते. दातांनी ओढली की उसवते. शिवाय जाळीला टेकून बसलेल्या कोंबडीला मांजर बाहेरून पंजा घालते. खुराड्याला अर्धा इंची, वेल्डिंग केलेली जाळीच हवी. ती महाग पडते हे खरे. म्हणून अंगणाच्या कुंपणाला खालचे दोन-तीन फूट ती लावावी आणि वर साधी चालवून घ्यावी.

खरी मेख जमिनीत आहे. उकरणारे जनावर कुंपणाच्या अगदी पायथ्याशी उकरते. दोन पावले मागे सरून भुयार काढावे, एवढा हिशेब ते करीत नाही. जाळी दीड फूट खोल पुरावी असे सांगतात, पण आमच्या कोकणातल्या जांभ्यात तेवढा चर खणायचा म्हणजे पहारीनिशी दोन दिवस! त्यापेक्षा जाळीचा खालचा दीड फूट बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीवर आडवा पसरावा, वर चिरे आणि माती टाकावी. जनावर उकरायला लागते आणि पंजाखाली तारच येते. दाराची कडी नाकाने उचकटते, तेव्हा तिच्यात खिळा अडकवावा. सांडलेले दाणे रोज झाडावेत. दाण्यांमागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप.

"एवढे कशाला? विष घाल," असे शेजारी सांगतात. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस आणि रानमांजर दोघांनाही संरक्षण दिले आहे; आणि विष काही नाव विचारून पोटात जात नाही, घरचा कुत्राही त्यात जातो. शिवाय शेतातले उंदीर कोण खाते, हेही शेजाऱ्यांनी आठवावे.

"कोंबड्यांना बंगला बांधतोस का रे?" असे आई म्हणाली खरी, पण खालची जाळी तिनेच माझ्याबरोबर ताणून धरली. घारीसाठी वरून मासेमारीचे जुने जाळे बांधायचे अजून राहिले आहे. तोवर पिल्ले दुपारी डालग्याखाली असतात.