बोटभर जेल, चार दिवसांची राखण

पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थांचा मला जुना नाद आहे. फालुद्यातला फुगलेला सब्जा, चायना ग्रास, डायपरमधली पांढरी भुकटी, मऊ काँटॅक्ट लेन्स ही सगळी एकाच कुळातली मंडळी. लांबलचक रेणूंचं जाळं आणि त्यात अडकलेलं पाणी, म्हणजे हायड्रोजेल. काही जेलमध्ये वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, तरी ती वाहून जात नाहीत. या नादापायी वाचता वाचता मी ऑपरेशननंतरच्या जंतुसंसर्गापाशी येऊन पोचलो आणि तिथेच रमलो.

पूर्वपीठिका उरकून टाकतो. सर्जन लिस्टरनं 1867 मध्ये जखमेतल्या जंतूंवर कार्बोलिक आम्लाचा उपाय प्रसिद्ध केला. 1961 मध्ये संशोधक बर्क यांनी गिनीपिगांवर दाखवून दिलं, की अँटिबायोटिक जंतू शिरण्याआधी किंवा शिरल्यावर लगेच दिलं तरच उपयोग. आज चिरा घेण्याआधीच्या दोन तासांत ते शिरेतून देतात. तरीही काही जखमा चिघळतातच.

त्यातही शरीरात परकी वस्तू बसवलेली असेल, तर जंतूंचं फावतं. 1957 मध्ये एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकॉकस जंतू टोचून पाहिले. नुसत्या कातडीत पू व्हायला लाखो जंतू लागत होते, पण तिथे रेशमाचा एक टाका घातला की काही शेकडे पुरत. (आजची कुठलीही नीतिमत्ता समिती असा प्रयोग करू देणार नाही!) पुढे 1987 मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी या प्रकाराला शर्यत म्हटलं. इम्प्लांटच्या पृष्ठभागावर आधी कोण पोचतं, आपल्या पेशी की जंतू? जंतू आधी पोचले तर ते बायोफिल्मचा चिकट थर करून बसतात. दुधाच्या पातेल्याला लागलेली खरवड जशी नुसत्या पाण्यानं निघत नाही, तसा हा थर नेहमीच्या डोसला दाद देत नाही. त्याला कधी कधी शेकडो पट औषध लागतं. जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक रक्तातून इतकं द्यायचं म्हटलं, तर मूत्रपिंडं आणि कान दोन्ही पणाला लागतात.

मग औषध जागेवरच का ठेवू नये? हँबुर्गच्या बुखहोल्त्स यांनी 1970 च्या सुमारास सांधा चिकटवायच्या सिमेंटमध्येच जेंटामायसिन मिसळलं. कल्पना उत्तम होती आणि ती आजही वापरात आहे. पण सिमेंट सुरुवातीला भरपूर औषध सोडतं आणि नंतर महिनोन् महिने थेंब थेंब झिरपत राहतं. जंतू मरणार नाहीत पण औषधाला सरावतील, इतपतच ते झिरपतं. शिवाय आता पुष्कळ सांधे सिमेंटशिवाय बसवतात.

इथे जेलचं काम सुरू होतं. पण आधी ओटो विख्तर्ले यांच्याविषयी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. प्रागचा हा रसायनशास्त्रज्ञ. 1942 मध्ये गेस्टापोनं त्याला तुरुंगात टाकलं आणि 1958 मध्ये राजकीय साफसफाईत त्याची प्राध्यापकी गेली. 1960 मध्ये त्यानं आणि द्राहोस्लाव लिम यांनी 'नेचर'मध्ये शरीरात वापरता येतील अशा पाणीदार जेलवर छोटासा लेख लिहिला. त्या जेलच्या लेन्स करायच्या होत्या, पण सरकारी पाठिंबा आटला होता. तेव्हा 1961 च्या नाताळात या गृहस्थानं घरीच मुलांच्या 'मर्कुर' या जोडणीच्या खेळण्याचे भाग घेतले, त्यांना सायकलचा डायनॅमो आणि दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर जोडला आणि गरगर फिरणाऱ्या साच्यात मऊ लेन्स ओतल्या. वैद्यकातल्या हायड्रोजेलची गोष्ट सांगायची, तर ती या स्वयंपाकघरी यंत्रापासूनच सांगावी लागते.

आपल्याकडेही हा छंद जोपासला गेला. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर, आशिष लेले आणि श्यानी वर्गीस यांनी कापल्यावर पुन्हा सांधली जाणारी जेल केली. 2006 च्या त्यांच्या निबंधात धातूच्या आयनांच्या मदतीनं जेल जुळून येण्याचं वर्णन आहे. या जेलचा अँटिबायोटिकशी थेट संबंध नाही, पण पुण्याचा उल्लेख टाळणं माझ्या जिवावर आलं.

आता मुख्य जेल. इटलीत हायलुरोनिक आम्ल आणि पॉलिलॅक्टिक आम्ल जोडून एक भुकटी तयार झाली. पहिलं द्रव्य आपल्या सांध्यांत असतंच, दुसरं विरघळणाऱ्या टाक्यांच्या कुळातलं. भुकटी सिरिंजमध्येच भरून येते. ऑपरेशनच्या टेबलाशी निर्जंतुक पाण्यात सर्जनला हवं ते अँटिबायोटिक विरघळवून त्यात मिसळायचं, काही मिनिटांत जेल होतं आणि ते इम्प्लांटवर चोपडायचं. एका परिचित सर्जनच्या परवानगीनं मी खुबा बदलण्याचं ऑपरेशन पाहिलं आहे. टायटॅनियमची दांडी हाडाच्या पोकळीत हातोड्यानं ठोकतात. ठोक्यांचा आवाज चढत जातो आणि दांडी घट्ट बसली हे सर्जनला कानानं कळतं. मला वाटलं, एवढ्या ठोकाठोकीत जेल खरवडून नाही का जाणार? इटलीतल्या संशोधकांनाही हीच शंका होती. त्यांनी मृतदेहाच्या हाडांत तसंच ठोकून पाहिलं आणि थर बऱ्यापैकी टिकला.

जेल औषध सोडतं आणि तीन-चार दिवसांत स्वतःही विरघळून जातं. मला यातलं हेच सर्वांत आवडतं. शर्यतीच्या ऐन घटकेला भरपूर औषध आणि नंतर मागे काहीच नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सांधेबदलाचे 380 रुग्ण होते. जेल न लावलेल्यांत 11 जणांना लवकरचा संसर्ग झाला, लावलेल्यांत एकाला. 2017 च्या दुसऱ्या चाचणीत हाड मोडून पट्टी-सळई बसवलेले 256 रुग्ण होते, तिथे हे आकडे सहा आणि शून्य होते. आकडे लहान आहेत, पण दिशा स्पष्ट आहे.

म्हणून जागेवर औषध ठेवलं की झालं, असं मात्र नाही. अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनांत जेंटामायसिन भरलेला कोलॅजेनचा स्पंज ठेवून पाहिला. 602 रुग्णांची ही चाचणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. स्पंज ठेवलेल्यांत संसर्ग 30 टक्के, न ठेवलेल्यांत 20.9 टक्के! इथे वाहक वेगळा आणि जागाही वेगळी. त्यामुळे सांध्यावरचा पुरावा पोटाला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात कुणाचा सांधा बदलायचा असेल, तर सर्जनला जेलबद्दल जरूर विचारा. पण त्याआधी रक्तातली साखर ताब्यात आणा, तंबाखू-सिगारेट सोडा, 'आणखी आठवडाभर अँटिबायोटिक लिहून द्या' असा हट्ट धरू नका आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री पायावरचे केस वस्तऱ्यानं अजिबात काढू नका.