प्रिंटर ‘ऑफलाइन’ का जातो? घरातलं एक छोटंसं संशोधन



पीएचडीच्या प्रगती अहवालाची छापील प्रत सकाळी दहाला विभागात द्यायची होती. रात्री साडेअकराला प्रिंट दिली, तर लॅपटॉप म्हणतो, ‘प्रिंटर ऑफलाइन’. प्रिंटर मात्र समोर दिवा लावून बसलेला. घाबरून मी सगळंच करून टाकलं: राऊटर बंद-चालू, प्रिंटर बंद-चालू, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. एकदाची प्रिंट आली. तीन दिवसांनी पुन्हा तेच!

चूक कुठे झाली? तीन गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे नेमकं कशाने काम झालं हे कळलंच नाही. मग वही काढली.

पहिला अंदाज: प्रिंटर स्लीप मोडमध्ये जातो आणि जागा होत नाही. हे खरं असेल तर रात्रभर न वापरलेला प्रिंटर सकाळी ऑफलाइन दिसायला हवा. दोन रात्री तसाच ठेवला. दोन्ही दिवशी सकाळी पहिल्याच फटक्यात प्रिंट. अंदाज बाद.

दुसरा अंदाज: नेटवर्कमध्ये गडबड आहे. प्रिंटरचा जो आयपी ॲड्रेस लॅपटॉपमध्ये नोंदलेला होता, त्याला पिंग केलं. लगेच उत्तर आलं. म्हटलं, नेटवर्क ठीक आहे. इथेच मी फसलो, कसा ते पुढे सांगतो.

दोन आठवड्यांच्या नोंदी पाहिल्या. प्रिंटर 4 वेळा ऑफलाइन गेला आणि चारही वेळा त्याआधी लाईट गेली होती. पण पाचव्यांदा लाईट गेली तेव्हा प्रिंटर मस्त चालला. ही नोंद सोडून द्यायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण उत्तर तिच्यातच होतं. त्या दिवशी ताई गावाला गेली होती, म्हणजे तिचा मोबाईल घरात नव्हता.

आता यामागचं कारण बघा. राऊटर प्रत्येक उपकरणाला आयपी ॲड्रेस ठरावीक मुदतीपुरता देतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. वसतिगृहातली खोली कशी कायमची आपली नसते, तसंच हे. लाईट गेली की काही राऊटर जुनी वाटणी विसरतात आणि जो आधी जोडला जाईल त्याला मोकळा नंबर देतात. ताईचा मोबाईल आधी जोडला जायचा आणि प्रिंटरचा जुना नंबर घ्यायचा. लॅपटॉप त्याच जुन्या पत्त्यावर प्रिंटरला हाक मारत राहायचा.

आणि माझ्या पिंगला उत्तर? ते मोबाईलने दिलं होतं! ‘उत्तर आलं’ आणि ‘प्रिंटरने उत्तर दिलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपलं उपकरण नक्की काय मोजतंय, हा प्रश्न प्रयोगशाळेत रोज विचारायचा असतो. घरी मी तो विसरलो.

खात्री कशी केली? प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती देणारं पान छापलं. त्यावर पत्ता 192.168.1.8, तर लॅपटॉपमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ‘पोर्ट्स’खाली 192.168.1.5. राऊटरच्या यादीत 5 नंबर मोबाईलच्या नावावर. पहिल्या रात्री प्रिंट का आली तेही उलगडलं: ड्रायव्हर नव्याने टाकताना लॅपटॉपने प्रिंटरचा नवा पत्ता शोधला होता.

उपाय: राऊटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरच्या मॅक ॲड्रेससाठी एक आयपी ॲड्रेस राखून ठेवला, प्रिंटर बंद-चालू केला आणि लॅपटॉपच्या पोर्टमध्ये तोच पत्ता टाकला. मग ताईचा मोबाईल घरात असताना राऊटर मुद्दाम 3 वेळा बंद-चालू केला. तिन्ही वेळा प्रिंट आली.

तुमच्याकडे कारण वेगळंही असू शकतं. घरगुती प्रिंटर बऱ्याचदा फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात. लॅपटॉप गेस्ट नेटवर्कवर असेल, किंवा जर्नल वाचायला कॉलेजचं व्हीपीएन चालू ठेवलं असेल, तरी प्रिंटर दिसेनासा होऊ शकतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, लिहून ठेवा, आणि न जुळणारी नोंद खोडू नका. पुढे प्रबंधातही हेच करायचंय.