ढिल्या तारांची डोलकाठी

पुण्यातील बिबवेवाडीच्या उतारावरील रहिवाशाला शीड उभारण्याजोगे सर्वांत जवळचे विस्तीर्ण पाणी म्हणजे खडकवासल्याचा जलाशय, जेथे पीकॉक बे या भागात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या छात्रांना शीडनौकानयन शिकवले जाते. डोंगरांनी वेढलेल्या अशा जलाशयावर वारा एका दिशेने संथपणे वाहत नाही, तो झोतांनी येतो. त्यामुळे जोडनौका, म्हणजेच कॅटमरान, येथे उतरवायची झाल्यास तिच्या डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्थिर तारांची जुळणी हा केवळ शर्यतीतील वेगाचा प्रश्न राहत नाही.

या वर्गातील सर्वांत परिचित नौका म्हणजे होबी १६. सर्फफळ्या घडवणारे कॅलिफोर्नियाचे होबी आल्टर यांनी १९७०च्या सुमारास बाजारात आणलेली ही नौका ५.०५ मीटर लांब, २.४१ मीटर रुंद आणि अवघी सुमारे १४५ किलो वजनाची असून, दोन चिंचोळ्या होडक्यांवर ताणलेल्या कापडी मंचाच्या पुढील आडव्या दांड्यावर तिची जवळपास आठ मीटर उंचीची अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी उभी असते. तिला धरणाऱ्या तारा तीनच: डाव्या-उजव्या बाजूंच्या दोन, ज्यांना श्राउड म्हणतात, आणि नाळेकडे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडे, उतरणारी एक, म्हणजे फोरस्टे. मागे तार नसते, कारण मोठ्या शिडाचा पाठीमागचा फुगीर काठ तिला अडकला असता. तिचे काम काही अंशी मंचाच्या मागील टोकाकडे खेचल्या जाणाऱ्या शिडाच्या दोराकडे आणि काही अंशी डोलकाठीच्या रेषेपेक्षा मागे बांधलेल्या श्राउडांकडे सोपवलेले असते.

नवशिक्याची समजूत अशी असते की तारा जितक्या ताठ तितकी नौका सुरक्षित, आणि ती येथे साफ चुकते. डोलकाठीचा छेद पाण्याच्या थेंबासारखा असून वाऱ्याच्या दिशेनुसार ती स्वतःभोवती फिरावी लागते. तारा करकचून आवळल्या तर हे फिरणे अडते, शिडाच्या पुढील कडेला हवा विस्कटते आणि ओढ घटते. म्हणून पाण्यावर असताना वाऱ्याकडील श्राउड ताठ आणि उलट बाजूचा लोंबकळता, हा दोष नसून जुळणी योग्य असल्याचे लक्षण आहे. फोरस्टेही प्रवासात सैलच असते: पुढील लहान शिडाच्या कडेत शिवलेली तार दोराने ताणली की सगळा भार तीच उचलते, आणि फोरस्टे शीड खाली असताना डोलकाठी कोसळू नये एवढ्यापुरते उरते.

खरी जुळणी असते ती डोलकाठीच्या मागील कलाची. श्राउडाच्या पायथ्याशी पोलादी पट्टी असते, तिच्यात तिरप्या ओळींत भोके असतात आणि आडवी खीळ एका भोकातून दुसऱ्यात नेली की तारेची लांबी थोडीशी बदलते. कल वाढवला की शिडाच्या जोराचा मध्य मागे सरकतो आणि नौका वाऱ्याकडे वळू पाहते, पण त्याच वेळी नाळ पाण्यात खुपसून नौका पुढे कोलांटी घेण्याचा धोका कमी होतो. खडकवासल्यासारख्या झोतांच्या ठिकाणी हा दुसरा लाभ अधिक मोलाचा मानावा. मर्यादा कप्प्या घालून देतात, कारण कल फार झाला की शिडाच्या दोराच्या वरच्या-खालच्या कप्प्या एकमेकींना भिडतात आणि शीड आणखी ओढता येत नाही. कल मोजण्याची जुनी रीत साधी आहे: डोलकाठीवरून लोंबणारी, नाविकाने बाहेर झुकताना अंगाला अडकवायची तार नाळेपर्यंत ताणून तिच्यावर खूण करायची, तीच मागे नेऊन खूण कोठे टेकते ते पाहायचे, आणि मग डाव्या-उजव्या बांधणींना ती सारखी पोहोचते का हे तपासायचे.

कोकणच्या फत्तेमारी या पारंपरिक गलबताची डोलकाठी याच्या नेमकी उलट, पुढे झुकलेली असे, कारण तिरप्या परबाणावरचे, म्हणजे शिडाच्या काठीवरचे, त्रिकोणी शीड तिच्या पुढून फिरवावे लागे. तिचे आधारदोरही कायम बांधलेले नसत, वाऱ्याच्या बाजूला हलवले जात. ‘स्थिर’ तारा ही कल्पना त्या मानाने अधिक काटेकोर.

तार तुटते ती बहुधा मधोमध नव्हे, तर खालच्या टोकाला, जेथे ती धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते आणि खारे पाणी साचते. गोड्या पाण्यात हा धोका कमी असतो, मात्र तीच नौका मुंबईच्या किनाऱ्यावर नेऊन आणली की नळीच्या तोंडाशी तांबूस डाग आणि सुईसारखा वर आलेला एखादा तुटका धागा शोधणे अटळ होते. असा धागा दिसल्यास तार बदलावी. तिला चिकटपट्टी गुंडाळणे म्हणजे बोट कापू नये एवढीच सोय. खिळेच्या टोकातील कडी मात्र चिकटपट्टीने अवश्य झाकावी, कारण ती दोरात अडकून निघाली तर खीळ सटकते. डोलकाठी उभी करण्याआधी वर पाहणेही तितकेच आवश्यक: अ‍ॅल्युमिनियम विजेचा वाहक आहे आणि जलाशयाच्या काठच्या वीजतारांना तिचे टोक लागू शकते, म्हणूनच १९८०च्या दशकापासून होबी १६च्या डोलकाठीचा वरचा भाग वीजरोधक काचतंतूचा करण्यात आला.